प्रतिकारशक्ती कमी की जास्त? भांडुपच्या एका मुलीचं प्रकरण

मुलगी नऊ वर्षांची, वजन १९ किलो. वर्गात सगळ्यांत बुटकी, चेहरा मात्र गोल गरगरीत. ते बाळसं नव्हे, स्टेरॉइडचा परिणाम. आमच्याकडे आली ती नाकातून सुरू झालेलं रक्त थांबेना म्हणून. हिमोग्लोबिन ४.८, प्लेटलेट ११ हजार, डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणजे तिचंच शरीर तिच्या तांबड्या पेशीही मारत होतं आणि प्लेटलेटही. याला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात. ते नाव तिच्या जुन्या डिस्चार्ज कार्डांवर आधीच लिहिलेलं होतं. दर वेळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू, आकडे वर; गोळी कमी करत आणली की आकडे पुन्हा खाली.

कागदांत बाकीही बरंच होतं, पण ते वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाताखालून गेलेलं. पोटासाठी एक डॉक्टर, कारण दोन वर्षं जुलाब जात-येत होते. छातीसाठी दुसरे, कारण तीनदा न्यूमोनिया. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठी दिसल्या, मानेलाही गाठी होत्या, म्हणून सहा महिने टीबीची औषधं झाली. टीबीचा जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह होती, पण मुंबईत ताप, गाठी आणि वाळत चाललेलं मूल एकत्र दिसलं की हात आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे जातो, आणि त्यात कुणाला फारसा दोष देता येत नाही. फक्त सहा महिन्यांनंतर गाठी होत्या तिथेच होत्या, हे कुणी थांबून विचारात घेतलं नव्हतं. एचआयव्हीची तपासणी झाली होती, निगेटिव्ह.

मला अडवलं ते एका अगदी साध्या कागदाने. तीन वर्षांपूर्वीचा यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट. एकूण प्रथिनं ५.२, अल्ब्युमिन ३.७. वजाबाकी केली की उरतं १.५, ते ग्लोब्युलिन. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या मुलाचं ग्लोब्युलिन वाढलेलं असायला हवं, कारण अँटिबॉडी त्यातच मोजल्या जातात. इथे ते नेहमीपेक्षा बरंच खाली होतं. रिपोर्टवर यकृताच्या आकड्यांपुढे ‘नॉर्मल’ असं पेनाने लिहिलेलं, आणि यकृतापुरतं ते खरंही होतं. आधीच्या रुग्णालयाने योगायोगाने एकदा आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, मोजली होती: ३१०. नऊ वर्षांच्या मुलीला त्याच्या दुपटीहून जास्त हवं.

आता हे नीट मांडून बघा. रक्तपेशींवर तुटून पडणाऱ्या अँटिबॉडी आहेत, पण एकूण अँटिबॉडी कमी. शत्रूला ओळखत नाही, घरच्यांना मात्र मारते. आईने हेच वेगळ्या शब्दांत विचारलं. “मॅडम, एक डॉक्टर म्हणतात हिची प्रतिकारशक्ती कमी आहे. दुसरे औषध देतात ते प्रतिकारशक्ती दाबायचं. मग आम्ही नक्की काय समजायचं?” शेजारी बसलेल्या आजींचं उत्तर तयार होतं: “ताकदीचं काहीतरी द्या.”

आईचा प्रश्न हाच या प्रकरणाचा गाभा आहे. कमी की जास्त, हा प्रश्नच चुकीचा बसतो. बिघाड नेमका कुठल्या पेशीत आणि कुठल्या पायरीवर आहे हे कळल्याशिवाय दाबायचं की वाढवायचं हे ठरत नाही.

घरची माहिती विचारताना आई सासूला ‘आत्या’ म्हणत होती. आपल्याकडे बऱ्याच घरांत सासूला तशी हाक असतेच, म्हणून विचारलं, “ताई, नुसती म्हणायची पद्धत, की सख्खी?” सख्खी. वडिलांचं लग्न मामाच्या मुलीशी झालेलं. सातारा-सांगलीकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. पण आईवडिलांकडून एकाच जनुकाची एकच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता अशा घरात वाढते, आणि आमच्या यादीत आनुवंशिक कारण वर सरकलं. इथे काही डॉक्टर घरच्यांना झापतात. त्याने साध्य काहीच होत नाही, पुढच्या वेळी माहिती लपवली जाते तेवढंच.

नमुना कधी घ्यायचा

रोगप्रतिकारशक्तीची तपासणी म्हटलं की लोकांना आठवतात ती पॅकेजं. ‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाखाली सीबीसी, व्हिटॅमिन डी, झिंक आणि सीआरपी एकत्र बांधून विकतात. त्यातून प्रतिकारशक्तीबद्दल जवळजवळ काहीही कळत नाही. खरी तपासणी प्रश्न ठरवून करावी लागते, आणि ती कधी करता यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

या मुलीच्या बाबतीत वेळेची अडचण मोठी होती. रक्तस्राव गंभीर होता, त्यामुळे दाखल होताच आयव्हीआयजी द्यायचं ठरलं. आयव्हीआयजी म्हणजे हजारभर किंवा त्याहून जास्त रक्तदात्यांच्या अँटिबॉडींचं मिश्रण. ते एकदा शिरेत गेलं की पुढचे कित्येक आठवडे आयजीजी मोजा, धनुर्वाताच्या लशीचा प्रतिसाद मोजा किंवा कावीळ ‘बी’ची अँटिबॉडी बघा, उत्तर दात्यांचं येणार, मुलीचं नाही. स्टेरॉइड चालू असताना लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या घटते, म्हणजे मोजणीवरही पूर्ण विसंबता येत नाही. आणि विभागातल्या चर्चेत रिटुक्सिमॅबचं नाव निघालं होतं. इव्हान्समध्ये ते वापरतातच. पण त्याने बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइट, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ रक्तातून नाहीशा होतात. ते दिल्यावर ‘हिच्या बी पेशी कशा आहेत’ हे विचारण्यात अर्थच उरत नाही.

म्हणून क्रम ठरवला. आधी रक्ताचे नमुने, मग आयव्हीआयजी. रिटुक्सिमॅब लांबणीवर टाकायचं, रक्तस्राव आटोक्यात राहिला तर.

दोन नळ्या: जांभळ्या झाकणाची ईडीटीएची, पेशी मोजायला, हिरव्या झाकणाची हेपॅरिनची, पेशी जिवंत ठेवून त्यांचं काम बघायला. बर्फ नाही, फ्रीज नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायच्या आणि लवकरात लवकर पोचवायच्या. तशाच दोन नळ्या आणखी एका निरोगी माणसाच्या, त्याच वेळी काढलेल्या आणि त्याच डब्यातून जाणाऱ्या. वडिलांनी लगेच हात पुढे केला. त्यांना नको म्हणावं लागलं: आजार आनुवंशिक निघाला तर अर्धा बिघाड त्यांच्यातही असणार, आणि तुलनेला तसा माणूस चालत नाही. शेवटी आमच्या इंटर्नने बाही वर केली.

हा सोबतीचा नमुना पुढे कामी आला. जुलैचा दिवस होता. सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी भरलं आणि थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन आमचा निवासी डॉक्टर लोकलमध्ये अडकून पडला. परळच्या प्रयोगशाळेत पोचायला संध्याकाळ झाली. अशा वेळी रिपोर्टमध्ये काही कमी आलं तर पहिली शंका उशिरावर जाते. पण इंटर्नचं रक्तही तेवढाच वेळ त्याच गाडीत होतं.

परळ म्हटलं की एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हा दुर्मीळ रक्तगट १९५२ साली याच शहरात डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. त्यानंतर काही वर्षांत रक्तगटांच्या अभ्यासासाठी सुरू झालेलं केंद्र आज केईएमच्या आवारात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या नावाने उभं आहे, आणि जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानाचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. सांगायचं कारण एवढंच की ही तपासणी परदेशी पाठवावी लागते हा समज जुना झाला आहे.

पडद्यावरचे ठिपके

फ्लो सायटोमेट्री या यंत्रात रक्तातल्या पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. त्यांच्यावरच्या वेगवेगळ्या खुणांना आधी चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात, त्या चमकीवरून पेशी ओळखायची. एचआयव्हीच्या रुग्णाचे सीडी४ मोजतात ते याच तंत्राने. पडद्यावर प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका.

पहिली मोजणी फारशी बोलकी नव्हती. टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार, वयाच्या मानाने थोड्या कमी, स्टेरॉइडवर असतातच तशा. बी पेशी कमी, पण होत्या. इथे एक सांगायला हवं: लहान मुलांच्या लिम्फोसाइटची संख्या मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. मोठ्यांची मर्यादा छापलेला रिपोर्ट मुलाच्या हातात पडला तर तुटवडा असूनही ‘नॉर्मल’ दिसतो. वय बघून आकडे वाचणारी प्रयोगशाळा निवडावी ती यासाठी.

आत शिरल्यावर मात्र चित्र बदललं. बी पेशींमधल्या अनुभवी, म्हणजे एकदा जंतू बघून पक्क्या झालेल्या स्मृतिपेशी जवळजवळ नव्हत्या. टी पेशींमधल्या ‘मदतनीस’ गटातला एक प्रकार, ज्याला फॉलिक्युलर हेल्पर म्हणतात, तो रक्तात वाढलेला. हे बी पेशींना सारखं चिथावत राहतात. आणि नियंत्रण ठेवणाऱ्या टी-रेग पेशी कमी. या पेशींवरच्या संशोधनासाठीच २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रुंकोव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. शरीराने स्वतःवर हल्ला करू नये हे पाहणं, हे टी-रेग पेशींचं काम.

मग शेवटची पायरी. टी-रेगच्या आत सीटीएलए-४ नावाचं प्रथिन किती आहे? ते बहुतेक वेळ पेशीच्या आतच असतं, म्हणून पेशीला आधी बारीक भोकं पाडून रंग आत सोडावा लागतो. तंत्रज्ञ ताईंनी दोन आलेख एकावर एक ठेवून दाखवले. इंटर्नचा उंचवटा उजवीकडे, भरघोस. मुलीचा डावीकडे सरकलेला, नुसत्या रंगाच्या पार्श्वभूमीला जवळपास टेकलेला. ताईंनी नमुना पुन्हा रंगवला, पुन्हा तेच. डबा कुर्ल्याला अडकल्यामुळे असं झालं असतं तर दोन्ही उंचवटे डावीकडे गेले असते.

याचा अर्थ मी वडिलांना समजावून सांगितला. ते रिक्षा चालवतात. सीटीएलए-४ हा टी पेशींचा ब्रेक, असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे ब्रेक बसवलेलाच नाही, की बसवलाय पण टिकत नाही?” याहून नेमका प्रश्न आमच्या क्लिनिकल मीटिंगमध्येही आला नव्हता, कारण दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि दोन वेगळे आजार आहेत. सीटीएलए-४ च्या जनुकाची एक प्रत बिघडली तर ते प्रथिन तयारच कमी होतं. हा आजार २०१४ साली ओळखला गेला. दुसऱ्या आजारात सीटीएलए-४ तयार होतं, पण त्याला सांभाळणारं एलआरबीए नावाचं प्रथिन नसतं. सीटीएलए-४ सतत पेशीच्या पृष्ठभागावर जातं, परत आत येतं. आत आलेलं पुन्हा वर पाठवायचं की लायसोसोममध्ये टाकून विरघळवायचं, यात एलआरबीए त्याला वाचवतं. ते नसलं की चांगलं प्रथिन कचऱ्यात जातं. या जनुकातला दोष २०१२ मध्ये समोर आला आणि सीटीएलए-४ शी त्याचं नातं २०१५ मध्ये.

आता तिची सगळी लक्षणं एका जागी बसली. ब्रेक नाही म्हणून टी पेशी आतड्यात, फुप्फुसात, गाठींत घुसून बसल्या. टीबी वाटलेल्या गाठी म्हणजे लिम्फोसाइटचीच गर्दी. बी पेशींना सतत चिथावणी, म्हणून रक्तपेशींविरुद्ध अँटिबॉडी. आणि त्याच गोंधळात पक्क्या स्मृतिपेशी घडत नाहीत, म्हणून जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी नाहीत. कमीही आणि जास्तही.

कर्करोगाच्या उपचारात याचं उलटं रूप दिसतं. टी पेशींनी गाठीवर तुटून पडावं म्हणून सीटीएलए-४ मुद्दाम अडवणारं इपिलिमुमॅब हे औषध २०११ पासून वापरात आहे. त्यामागच्या कामासाठी जेम्स ॲलिसन २०१८ च्या नोबेलचे मानकरी, तासुकु होंजो यांच्याबरोबर. त्या रुग्णांना त्रास कसला होतो? जुलाब, आतड्याची सूज, थायरॉइडचा बिघाड, कधी रक्तपेशींवर हल्ला. औषधाने जे मोठ्या माणसांत काही महिने घडतं, ते या मुलीत जन्मापासून घडत होतं.

औषध कोणतं

बिघाडाची पायरी कळली की औषधांची यादी बदलते. स्टेरॉइड सगळ्यांनाच दाबतं. रिटुक्सिमॅब बी पेशी मारेल, पण मूळ चूक टी पेशींची, आणि आधीच कमी असलेलं आयजीजी आणखी घसरेल. उरले दोन पर्याय. सिरोलिमस: गोळी, तुलनेने स्वस्त, टी पेशींची वाढ रोखते पण टी-रेगना बऱ्यापैकी सोडून देते. आणि ॲबॅटासेप्ट: सीटीएलए-४ चाच बाहेरचा भाग अँटिबॉडीच्या शेपटीला जोडून केलेलं इंजेक्शन. अमेरिकेत २००५ पासून संधिवातासाठी मान्य आहे. जे प्रथिन पेशी सांभाळू शकत नाही, तेच बाहेरून द्यायचं.

खर्च बघता सिरोलिमस हा मूर्ख पर्याय नव्हता. चार सहकाऱ्यांपैकी दोघांचं मत तेच होतं. माझा कल ॲबॅटासेप्टकडे झुकला तो फुप्फुसांमुळे. तिथलं नुकसान एकदा झालं की परत येत नाही, आणि ॲबॅटासेप्टवर फुप्फुसाच्या गाठी ओसरलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. जनुकाचा रिपोर्ट यायला अजून पाच-सहा आठवडे होते. पण दोष एलआरबीएचा असो की सीटीएलए-४ चा, औषध एकच. म्हणून थांबलो नाही.

औषध सुरू करण्याआधी लपलेली इन्फेक्शन शोधावी लागतात, आणि इथे पुन्हा नेहमीच्या तपासण्या गोत्यात आणतात. टीबीसाठीची इग्रा ही रक्ततपासणी रुग्णाच्याच टी पेशी टीबीच्या अंशाला बघून इंटरफेरॉन सोडतात का, यावर चालते. या मुलीच्या पेशींनी नुसत्या उत्तेजक रसायनालाही धड उत्तर दिलं नाही, रिपोर्ट ‘अनिर्णित’. त्याला निगेटिव्ह समजणं धोक्याचं. म्हणून दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढून त्यावर एक्सपर्ट आणि कल्चर केलं. कावीळ ‘बी’, सीएमव्ही, ईबीव्ही यांच्या अँटिबॉडी न बघता विषाणूच मोजला, कारण तोवर आयव्हीआयजी देऊन झालं होतं. न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाला ग्रासणाऱ्या बुरशीपासून बचावाला कोट्रायमोक्सॅझोल सुरू केलं. जिवंत विषाणूंच्या लसी बंद.

मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १९० मिलिग्रॅम. बाटली २५० ची. दर वेळी साठ मिलिग्रॅम वाया. वडिलांनी हिशेब करून विचारलं, “उरलेलं पुढच्या वेळी नाही चालत?” नाही चालत, उघडलेली बाटली ठेवता येत नाही. सिद्धिविनायक न्यासाचा अर्ज, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, दोन ट्रस्टची पत्रं, आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी हे सगळं जुळवून आणलं. या भागावर लिहायचं तर वेगळा लेख होईल.

पुढे काय झालं

आधी जुलाब थांबले. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती डब्यात पूर्ण पोळी नेऊ लागली, हे आईने सांगितलं तेव्हा तिला प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा त्याचंच जास्त वाटत होतं. प्लेटलेट लाखावर गेल्या, स्टेरॉइड हळूहळू उतरवत आणलं. सहा महिन्यांच्या सीटीत फुप्फुसातल्या गाठी निम्म्याहून लहान. आयजीजी मात्र परत आलं नाही. स्मृतिपेशी अशा वर्षभरात घडत नाहीत. दर महिन्याचं आयव्हीआयजी चालूच आहे.

एक अडचण आली. ॲबॅटासेप्ट संधिवातात पहिल्या तीन मात्रांनंतर दर चार आठवड्यांनी देतात, आम्हीही तेच धरलं होतं. तिसरा आठवडा उलटला की तिचं पोट बिघडायचं. घरच्यांना वाटलं बाहेरचं खाल्लं. आम्ही ठरवून दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याला फॉलिक्युलर हेल्पर पेशी मोजल्या: दुसऱ्याला खाली, चौथ्याला पुन्हा वर. औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण दोन आठवडे, आणि तिच्या अंगात ब्रेक म्हणून दुसरं काहीच नाही. दर दोन आठवड्यांनी सुरू केल्यावर त्रास गेला. मधे निधीचा हप्ता लांबला आणि एक महिना औषध मिळालं नाही. तेव्हा प्लेटलेट २४ हजारांवर आल्या, पण त्याआधीच या पेशी चढू लागल्या होत्या. तेव्हापासून त्यांची मोजणी आमच्यासाठी इशारा ठरली आहे. दर भेटीला सगळं पॅनेल करण्याऐवजी हा एकच आकडा बघतो, खर्चही वाचतो.

जनुकाचा रिपोर्ट आला तो असा: एलआरबीए जनुकात एक बदल, दोन्ही प्रतींत, ‘अर्थ अनिश्चित’. आधी कुठेही नोंद नसलेला बदल असला की प्रयोगशाळा हेच लिहिते, आणि तसंच लिहायला हवं. नुसता हा कागद हातात असता तर त्यावर काहीही ठरवता आलं नसतं. पण सीटीएलए-४ चा आलेख होता. नवीन नमुना घेऊन पेशीतलं एलआरबीए प्रथिन तपासलं, ते जवळजवळ नव्हतं. आईवडिलांत तोच बदल एकेका प्रतीत. अनिश्चिताचा अर्थ पेशींनी लावून दिला.

धाकटा भाऊ

कायमचा उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सगळ्यांत चांगला दाता सख्खं भावंड. मुलीला चार वर्षांचा भाऊ आहे, धडधाकट, दंगेखोर. एचएलए, म्हणजे दात्याची जुळणी ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आणि जुळलं तरी त्याला तोच आजार नसायला हवा. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर, एलआरबीए चौथ्यावर. दोन्ही चिठ्ठ्या स्वतंत्र निघतात. दोन्ही अनुकूल निघण्याची शक्यता सोळात तीन.

एचएलए पूर्ण जुळलं. घरात आनंद. दोन दिवसांनी जनुकाचा निकाल आला: त्याच्यातही दोन्ही प्रती बिघडलेल्या. सोळात एक. त्याच्या टी-रेगचा आलेख काढला, बहिणीइतकाच डावीकडे.

“त्यालाही तेच?” आईने विचारलं. इथे घाई करायचा मोह होतो, दोन्ही बाजूंनी. आलेख सारखे, म्हणून भावालाही ॲबॅटासेप्ट सुरू करा, असं एका वरिष्ठाने सुचवलं. मला ते पटलं नाही. त्याचं आयजीजी वयाला साजेसं, स्मृतिपेशी थोड्या कमी पण आहेत, हिमोग्लोबिन १२, फुप्फुसं साफ, फॉलिक्युलर हेल्पर पेशी वाढलेल्या नाहीत. हा आजार कुणात एक-दोन वर्षांचं असताना दिसतो, कुणात बराच उशिरा. एकाच घरातली भावंडंही सारखी वागत नाहीत. धोका कुठे आहे हे आलेखाने दाखवलं, तो कधी उभा राहील हे त्यातून कळत नाही. निरोगी मुलाला दर पंधरवड्याला शिरेतून औषध देण्याची किंमत नुसती पैशांची नसते.

भावाला सध्या औषध नाही. दर तीन महिन्यांनी सीबीसी, सहा महिन्यांनी आयजीजी आणि फॉलिक्युलर हेल्पर पेशी. जिवंत लसी नाहीत. घरातल्या बाकी सगळ्यांना दरवर्षी फ्लूची लस. ताप दोन दिवस राहिला, जुलाब आठवडाभर चालले किंवा अंगावर निळे डाग उठले तर थेट आमच्याकडे, मधल्या दवाखान्यात स्टेरॉइड सुरू करायचं नाही. हे मराठीत लिहून एक कागद आईच्या पाकिटात, एक बालवाडीच्या बाईंकडे दिला आहे. आणि हे आकडे सलग दोनदा बिघडले तर लक्षणांची वाट न बघता औषध सुरू करायचं, हेही आत्ताच ठरवून लिहून ठेवलं आहे.

मुलीसाठी दात्यांच्या नोंदणीत पूर्ण जुळणारं कुणी सापडलेलं नाही. भारतीय दात्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फार थोडी आहे. उरतं आई किंवा वडिलांचं अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ एलआरबीए रुग्णांच्या आढाव्यात २४ जणांचं प्रत्यारोपण झालं होतं. १७ वाचले, आणि मृत्यू झाले ते पहिल्या तीन महिन्यांत. जे तरले त्यांतल्या बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. हे आकडे आम्ही आईवडिलांसमोर जसेच्या तसे ठेवले. बोरिवलीला महापालिकेचं मुलांसाठीचं प्रत्यारोपण केंद्र आहे, तिथे एकदा बोलून येण्याचा सल्ला दिला आहे.

वडील लवकर करून टाकावं म्हणतात. औषधाचा हप्ता चुकला की काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. आईचं म्हणणं, पोरगी शाळेत जातेय, आत्ता कशाला? मला विचाराल तर आत्ताच्या घडीला माझं मत आईच्या बाजूने आहे. फुप्फुसं अजून सुधारताहेत, वजन २४ किलोवर आलं आहे, आणि सुधारलेल्या प्रकृतीत केलेलं प्रत्यारोपण जास्त पेलतं. पण औषधाचा पुरवठा पुन्हा तुटला किंवा पुढच्या सीटीत गाठी वाढलेल्या दिसल्या, तर मी वडिलांच्या बाजूला जाईन, आणि हे दोघांनाही सांगितलं आहे.